इलिनॉयच्या नकाशातले पाच हजार

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या तेराव्या काँग्रेस मतदारसंघातून २०१२ साली कुणी अपक्ष म्हणून उभे राहायचे ठरवले असते, तर त्याला ५,००० मतदारांच्या सह्या पुरल्या असत्या. चारच वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच मतदारसंघात त्याच जागेसाठी १०,७५४ सह्या लागल्या. मधल्या काळात मतदारसंघाची हद्द हलली नव्हती, वस्ती दुप्पट झाली नव्हती आणि कायद्याचे कलमही तेच होते. फरक एवढाच, की २०१२ ची निवडणूक मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतरची पहिली निवडणूक होती. एरवी अपक्षाकडून मागच्या निवडणुकीत त्या मतदारसंघात मतदान केलेल्यांच्या संख्येच्या किमान पाच टक्के सह्या मागितल्या जातात. पण हद्दी नव्याने आखल्या की त्या मतदारसंघात ‘मागची निवडणूक’ झालेलीच नसते. मग पाच टक्के काढायचे कशाचे? म्हणून कायद्याने त्या एका वर्षापुरता ठोक आकडा ठरवून दिला. वरवर पाहता ही कारकुनी सोय वाटते. पण याच सोयीमुळे टक्केवारीचे पितळ उघडे पडते. पाच हजार सह्यांनी उमेदवाराचे गांभीर्य एका वर्षी सिद्ध होत असेल, तर चार वर्षांनी त्याच्या दुप्पट कशाला हव्यात, याचे उत्तर त्या कायद्याजवळ नाही.

हा पेच कुठून आला हे कळायला इलिनॉयचा जुना नकाशा पाहावा लागतो. काँग्रेस मतदारसंघांची तिथली आखणी १९०१ सालची होती आणि पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षे विधिमंडळाने तिला हात लावला नाही. शिकागो फुगत गेले, खेडी ओस पडत गेली, रेषा मात्र जागच्या जागी राहिल्या. १९४६ मध्ये हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा राज्यातल्या सर्वांत लहान मतदारसंघात सुमारे १ लाख १२ हजार माणसे होती आणि सर्वांत मोठ्यात ९ लाख १४ हजार. न्यायालयाने या राजकीय झाडोऱ्यात शिरायला नकार दिला. दोनच वर्षांनी सह्यांचा प्रश्न त्याच दारात आला. राज्यव्यापी निवडणुकीसाठी नव्या पक्षाला २५,००० सह्या लागत आणि त्यांत राज्याच्या १०२ काउंट्यांपैकी किमान ५० काउंट्यांतून प्रत्येकी २०० असाव्या लागत. हेन्री वॉलेस यांच्या प्रोग्रेसिव्ह पक्षाने या अटीला आव्हान दिले आणि तो हरला. नकाशात जो कल होता तोच सह्यांच्या नियमात उतरला होता. शहरातल्या माणसाचे मत हलके तशी त्याची सहीही हलकी.

पुढे १९६२ आणि १९६४ च्या निकालांनी वारे फिरले. प्रत्येक मताचे वजन सारखे असले पाहिजे, म्हणून एका राज्यातल्या काँग्रेस मतदारसंघांची लोकसंख्या शक्य तितकी समान ठेवा, असा दंडक आला. सह्यांच्या नियमापर्यंत हा दंडक पोहोचायला मात्र १९६९ उजाडले. इलिनॉयमध्येच काही अपक्षांनी २६,५०० सह्या जमवूनही ५० काउंट्यांची अट न भरल्याने त्यांचे अर्ज बाद झाले होते. न्यायालयाने हिशेब मांडला. राज्यातले ९३.४ टक्के मतदार ४९ मोठ्या काउंट्यांत राहत होते आणि उरलेल्या ५३ काउंट्यांत मिळून फक्त ६.६ टक्के. म्हणजे बहुसंख्य मतदारांना स्वतःच्या बळावर नवा उमेदवार उभा करता येत नव्हता, मूठभरांना मात्र येत होता. १९४८ चा निकाल तिथेच रद्द झाला. उमेदवारी हीही मतदानाचीच पहिली पायरी आहे आणि मताला लागू असलेली समता तिलाही लागू आहे, हे त्या निकालाने मान्य केले.

पण एक गोष्ट तेव्हा निसटली. मतदारसंघ लहान-मोठे असताना टक्केवारीला अर्थ होता. लाखाच्या मतदारसंघात आणि नऊ लाखांच्या मतदारसंघात एकच आकडा मागणे अन्यायाचे झाले असते. लोकसंख्या समान झाल्यावर मात्र टक्केवारीचा तो आधारच गेला. आता दोन मतदारसंघांतल्या सह्यांच्या आकड्यात फरक पडतो तो माणसे कमी-जास्त असल्याने नव्हे, तर मागच्या वेळी मतदानाला किती जण बाहेर पडले त्यावरून. जिथले लोक मतदानाबाबत जागरूक, तिथे नव्या उमेदवाराची वाट अधिक अवघड. मागची निवडणूक राष्ट्राध्यक्षपदाबरोबर झालेली असेल तर मतदान वाढलेले असते आणि त्याबरोबर सह्याही वाढतात. टक्केवारीचा हा विचित्रपणा १९७७ च्या शिकागोत कळसाला पोहोचला होता. महापौर रिचर्ड डेली यांच्या निधनानंतरच्या पोटनिवडणुकीत नव्या पक्षाकडून ३५ हजारांहून अधिक सह्या मागितल्या गेल्या, तर त्याच पक्षाला अख्ख्या राज्यात उभे राहायला २५ हजार पुरत होत्या. एका शहराला राज्यापेक्षा मोठे कुंपण कशासाठी, असे म्हणत १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली.

आकडा कागदावर लहान दिसतो, पण सह्यांचा कागद जवळून पाहिला की त्याचे वजन कळते. प्रत्येक ओळीत मतदाराची सही आणि पत्ता. पानाच्या तळाशी सह्या गोळा करणाऱ्याचे शपथपत्र आणि नोटरीचा शिक्का. पानांना ओळीने क्रमांक, आणि सगळा गठ्ठा एका कडेने बांधलेला. अर्ज दाखल झाला की पाच कामकाजाच्या दिवसांत प्रतिस्पर्धी हरकती घेतात आणि मतदारयादीशी एकेक सही ताडली जाते. सही करणारा नोंदणीकृत मतदार नसेल, पत्ता जुळत नसेल किंवा घर हद्दीच्या पलीकडे असेल तर ती ओळ बाद. १९९६ मध्ये बराक ओबामा राज्याच्या सिनेटसाठी पहिल्यांदा उभे राहिले, तेव्हा प्राथमिक निवडणुकीतले त्यांचे चारही प्रतिस्पर्धी अशाच हरकतींनी मतपत्रिकेवरून बाहेर गेले होते. नवी रेषा आखलेल्या वर्षी तर एकाच रस्त्याच्या दोन बाजू दोन मतदारसंघांत जाऊ शकतात आणि आपण कुठल्या बाजूला आहोत हे दारात उभ्या मतदारालाही माहीत नसते. म्हणून शहाणा उमेदवार लागतात त्याच्या दीडपट सह्या गोळा करतो.

तेराव्या मतदारसंघातला २०१६ चा उमेदवार होता डेव्हिड गिल. २०१२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाकडून तो याच मतदारसंघात अवघ्या १,००२ मतांनी हरला होता. लोकांना तो अनोळखी होता असे कुणी म्हणणार नाही. अपक्ष म्हणून त्याने ११ हजारांहून अधिक सह्या दिल्या. छाननीत ८,५९३ वैध ठरल्या आणि अर्ज बाद झाला. पुनर्रचनेच्या वर्षी हाच गठ्ठा गरजेपेक्षा साडेतीन हजारांनी जास्त ठरला असता. दोन मोठ्या पक्षांच्या उमेदवारांना प्राथमिक निवडणुकीत उतरायला तेव्हा हजाराच्याही आत सह्या पुरत होत्या. गिल न्यायालयात गेला. २०२० मध्ये सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने खालच्या न्यायालयाचा राज्याच्या बाजूचा निकाल फिरवला. पाच टक्के पूर्वी मान्य झाले होते एवढ्यावर न थांबता या मतदारसंघातली वस्तुस्थिती तपासा, असे सांगून त्याने खटला खाली पाठवला.

पाच हजार हेच नेहमीचे माप असावे, यावर पहिला आक्षेप असा, की पुनर्रचनेच्या वर्षी वेळ कमी असतो म्हणून सवलत दिली जाते, तिला नियमाचे माप कसे मानायचे? २०२२ पुरता हा आक्षेप खरा आहे. जनगणनेचे आकडे उशिरा आले, इलिनॉयने प्राथमिक निवडणूक मार्चवरून जूनमध्ये ढकलली आणि पक्षीय उमेदवारांच्या सह्या सुमारे एक तृतीयांशाने कमी केल्या. पण २०१२ मध्ये अशी घाई नव्हती. नकाशा २०११ च्या उन्हाळ्यातच मंजूर झाला होता आणि अपक्षांना सह्या गोळा करायला नेहमीचेच ९० दिवस मिळाले होते. पाच हजार हा आकडा आला तो टक्केवारी काढायला पाया नव्हता म्हणून. घाईशी त्याचा संबंध नव्हता.

दुसरा आक्षेप गर्दीचा आहे आणि तो आपल्याला चांगला ठाऊक आहे. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत सीमाप्रश्नाने धुमसणाऱ्या बेळगावात ४५६ उमेदवार उभे होते, नलगोंड्यात ४८०. भारताने त्यावर अनामत रक्कम ५०० वरून १०,००० रुपये केली आणि अपक्षाला दहा सूचक लावले. देशभरातले उमेदवार १३,९५२ वरून १९९८ मध्ये ४,७५० वर आले. अनामत ही पैशाची भिंत आहे, तिचे गुणगान करायचे कारण नाही. पण दहा सूचक हा ठोक आकडा आहे. २००८ च्या पुनर्रचनेत आपल्याकडे राजापूर आणि खेड हे मतदारसंघ नकाशावरून गेले, रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि शिरूर आले, तरी सूचक दहाच राहिले. इलिनॉयला गर्दीचा अनुभव आला तो १९६४ मध्ये. विधानसभेची पुनर्रचना वेळेत न झाल्याने सगळ्या १७७ जागा राज्यव्यापी मतदानाने भरल्या गेल्या आणि मतदारांच्या हाती ३३ इंच लांब मतपत्रिका आली. तिच्यावरची २३६ नावे दोन मोठ्या पक्षांचीच होती. मतपत्रिकेची ती चादर अंथरली ती नकाशावर एकमत न करू शकलेल्या पक्षांनी. अपक्षांचा त्यात हात नव्हता.

सह्या मागूच नयेत असा याचा अर्थ नाही. मतपत्रिका ही सार्वजनिक जागा आहे आणि तिथे येणाऱ्याने आपल्यामागे काही माणसे आहेत हे दाखवावे, हे रास्तच आहे. मात्र किती माणसे, हे मागच्या वेळच्या मतदानाच्या भरती-ओहोटीवर ठरू नये. मतदारसंघ समान लोकसंख्येचे असतील तर आकडाही सगळ्यांना आणि सगळ्या वर्षी समान असावा, आणि तो आकडा इलिनॉयच्या कायद्यात आधीच लिहून ठेवलेला आहे. फक्त तो दहा वर्षांतून एकदाच लागू होतो.