पंदिकोक्कूची परदेशवारी

इंग्रजी-तेलुगू शब्दकोशात ‘बँडिकूट’ काढला, तर समोर अर्थ दिलेला असतो ‘पंदिकोक्कु’. कोश उघडणाऱ्या तेलुगू मुलाला त्यात नवं काहीच मिळत नाही. शब्द त्याच्याच परसातून गेलेला, आणि साहेबाच्या तोंडी ‘प’चा ‘ब’ होऊन, शेवटचा उकार गाळून परत आलेला. पंदि म्हणजे डुक्कर, कोक्कु म्हणजे उंदीर. आपण जिला घूस म्हणतो तीच ही.

नाव ठेवणाऱ्याने जनावर नीट बघितलं होतं. मोठी घूस किलोभर भरते. पाठीवर राठ केस असतात. तिला डिवचलं की ते उभे राहतात आणि ती चक्क डुकरासारखी गुरगुरते. जमीन उकरण्याची खोडही डुकराचीच. सिंहली भाषेतही तिला ‘ऊरु मीया’ म्हणतात, म्हणजे डुक्करउंदीरच. मराठी ‘घूस’ शब्दात यातलं काही दिसत नाही, ती फक्त घुसते.

कृष्णा-गोदावरीच्या मुखाकडची भातशेती म्हणजे या जमातीचं माहेरघर. तिथे लहान जातीची घूस बांधाखाली बिळांचं जाळं खणते आणि पिकल्या लोंब्या तोडून आतल्या कोठीत साठवते. नेल्लोरकडचे यानादी हे पिढीजात उंदीर पकडणारे. मडक्यात पेंढा पेटवायचा, मडक्याचं तोंड बिळाला लावायचं आणि बुडाच्या भोकातून फुंकर मारून धूर आत सोडायचा. घूस तर हाती लागतेच, शिवाय कोठी खणून तिने साठवलेलं भातही काढून घ्यायचं. ज्याचं शेत त्याला त्याबद्दल तक्रार नसते, उपद्रव गेला हेच पुष्कळ. तेलुगूत सरकारी पैसा खाणाऱ्याला ‘पंदिकोक्कु’ म्हणतात, ते उगीच नव्हे. निवडणुकीच्या भाषणांत हा शब्द हमखास ऐकू येतो. हिंदीवाल्यांनी याच्याही पुढे जाऊन खाल्लेल्या पैशालाच घूस म्हटलं.

ईस्ट इंडिया कंपनीने मच्छलीपट्टणला वखार घातली ती 1611 साली. वखार म्हटली की गोदाम आलं, आणि गोदाम म्हटलं की घुशी आल्याच. साहेबाच्या देशात उंदीर होते, पण एवढे दांडगे नव्हते, म्हणून त्याला वेगळा शब्द लागला. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजी लिखाणात दिसू लागतो आणि पुढे हिंदुस्थानभरच्या इंग्रजांत रूढ होतो. 1886 साली यूल आणि बर्नेल यांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश काढला, त्यात या शब्दाचं तेलुगू मूळ दिलं आहे.

त्याच नोंदीत त्यांनी इब्न बतूताला साक्षीला बोलावलं आहे, आणि साक्ष आहे आपल्या देवगिरीची. चौदाव्या शतकात हा मोरोक्कन प्रवासी दौलताबादला आला. किल्ल्याच्या अंधारकोठड्यांत मांजरांहून मोठे उंदीर आहेत, मांजरंच त्यांना बघून पळतात, असं तो सांगतो. मलिक खत्ताब नावाच्या अफगाण सरदाराला तिथल्या ‘उंदरांच्या विहिरीत’ टाकलं होतं. रात्र झाली की उंदीर चाल करून यायचे आणि हा रात्रभर त्यांच्याशी झुंजायचा. शेजारच्या विहिरीतला दुसरा कैदी आजारी पडला, तेव्हा उंदरांनी त्याची बोटं आणि डोळे खाल्ले. ते ऐकून सुलतानाने खत्ताबला बाहेर काढवलं. बतूताने उंदीर म्हटलं, पण वर्णन घुशीचं आहे हे यूल-बर्नेलना पटलेलं दिसतं. मलाही पटतं.

इथून पुढे शब्दाने जे केलं ते जरा अजब आहे. इंग्रज ऑस्ट्रेलियात उतरले तेव्हा त्यांना लांब नाकाचं, रात्री जमीन उकरणारं, सशापेक्षा लहान असं एक जनावर दिसलं. त्यांनी सरळ त्याला ‘बँडिकूट’ म्हणून टाकलं. उंदराशी त्याचं नातं काडीचं नाही. ते कांगारूच्या गोतातलं, पोटाला पिशवी असलेलं. पिशवीचं तोंड मागच्या बाजूला असतं, म्हणजे आई उकरत असताना पिल्लांच्या अंगावर माती उडत नाही. यांच्या काही जातींत गर्भ जेमतेम साडेबारा दिवस पोटात राहतो, पुढचं सगळं संगोपन पिशवीत. फ्रेंच शास्त्रज्ञ जोफ्र्वा सँ-इलेर याने या प्राण्यांना ‘पेरामेलेस’ हे लॅटिन नाव दिलं, अर्थ पिशवीवाला बिज्जू. लोकांच्या तोंडी मात्र तेलुगू डुक्करउंदीरच राहिला.

त्यात एका जातीचे पुढचे पाय डुकराच्या खुरांसारखे निघाले. तिला इंग्रजीत नाव पडलं ‘डुकरपायी बँडिकूट’, म्हणजे डुकराच्या पायाचा डुक्करउंदीर! तिच्या शास्त्रीय नावात ‘बिनशेपटीचा’ असाही शब्द आहे. कारण एवढंच की अभ्यासाला आलेल्या पहिल्या नमुन्याचं शेपूट तुटलेलं होतं. ही जात विसाव्या शतकात नामशेष झाली. खोटी बिनशेपटी तेवढी कागदावर उरली.

ऑस्ट्रेलियन इंग्रजीत बँडिकूटचं क्रियापदही झालं. बटाट्याच्या वाफ्यात हात घालून खालचे बटाटे काढून घ्यायचे आणि वरचा पाला जसाच्या तसा उभा ठेवायचा, म्हणजे मालकाला सकाळी पत्ता लागत नाही. या चोरीला तिथे ‘बँडिकूट करणं’ म्हणतात.

इकडे मूळ घुशीची मात्र पंचाईत झाली. 1873 साली जॉन एडवर्ड ग्रे याने तिच्या प्रजातीला ‘बँडिकोटा’ हे नाव दिलं, पण बोलीत ते नाव तोवर ऑस्ट्रेलियाने पळवलं होतं. म्हणून इंग्रजीत हल्ली तिला ‘बँडिकूट रॅट’ म्हणावं लागतं, म्हणजे डुक्करउंदीर उंदीर. लहान जातीचं शास्त्रीय नाव ‘बँडिकोटा बेंगालेन्सिस’: नाव तेलुगू, आडनाव बंगाली, आणि मुक्काम मुंबईच्या गटारांतसुद्धा.

1996 साली प्लेस्टेशनवर ‘क्रॅश बँडिकूट’ हा व्हिडिओ गेम आला, तेव्हा जगभरची पोरं तो शब्द घोकू लागली. तो नायक ऑस्ट्रेलियन पिशवीवाल्यांपैकी. तेलुगू घुशीचा मान 2018 साली केरळने राखला. मॅनहोलमध्ये माणसाला उतरावं लागू नये म्हणून तिरुवनंतपुरमच्या तरुण इंजिनिअरांनी गाळ उपसणारा रोबो तयार केला. मल्याळममध्ये घुशीला ‘पेरुच्चाळी’ असा खणखणीत शब्द आहे. पण त्यांनी यंत्राचं नाव इंग्रजी ठेवायचं ठरवलं आणि ‘बँडिकूट’ ठेवलं, म्हणजे शेवटी तेलुगूच.