अधिवास आणि कर-निवासित्व : ठाणे, कल्याण-डोंबिवली

राज्याचा रहिवासी आणि आयकरासाठी ‘निवासी’ कोण, हे ठरवणारे नियम व त्यांचा या परिसरातील व्यवहार. ठाणे शहर साष्टी बेटाच्या ईशान्य भागात, तर कळवा, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण खाडीपलीकडे मुख्य भूमीवर. सालबाईच्या तहानंतर (1782) साष्टी इंग्रजांकडे राहिली, कल्याण 1817 पर्यंत पेशव्यांकडे. खाडी ओलांडली की राज्य बदलत असे. आज डोंबिवलीहून ठाण्यातील नौपाड्यात बिऱ्हाड हलवले, तर तालुका आणि महापालिका तेवढी बदलते. खुद्द ठाणे तालुकाच खाडीच्या दोन्ही काठांवर आहे.

अधिवास प्रमाणपत्र : बोलीत ‘डोमिसाइल’. तहसील कार्यालय देते; अर्ज सेतू केंद्रात किंवा ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर. सर्वसाधारणपणे महाराष्ट्रातील 15 वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते आणि भाडेकरूंची अडचण इथेच होते. करार अकरा-अकरा महिन्यांचे, दर करारागणिक पत्ता नवा, वीजबिल मालकाच्या नावावर. भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोटरीच्या कागदावर भागवणारे मालक तरीही पुष्कळ. अशा वेळी शाळा सोडल्याचा दाखला आणि जुनी शिधापत्रिका हाच आधार. 2024 मध्ये ‘माझी लाडकी बहीण’ योजनेसाठी आधी अधिवास प्रमाणपत्र मागितले गेले. पुढे त्याऐवजी 15 वर्षांपूर्वीची शिधापत्रिका किंवा मतदार ओळखपत्र, जन्मदाखला अथवा शाळेचा दाखला चालेल असे ठरले.

सर्वोच्च न्यायालयाच्या मते (प्रदीप जैन खटला, 1984) अधिवास एकच, भारताचा. जानेवारी 2025 मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातील निवासाधारित आरक्षणही घटनाबाह्य ठरले. राज्याचे अधिवास प्रमाणपत्र मात्र चालूच आहे.

कर-निवासित्व : येथे वर्षे नव्हे, आर्थिक वर्षातले दिवस मोजतात. 182 दिवस भारतात काढले की निवासी. 60 दिवसांचा दुसरा निकष नोकरीसाठी परदेशी निघालेल्या नागरिकाला त्या वर्षी लागत नाही. येण्या-जाण्याचे दिवस धरावेत का, यावर न्यायाधिकरणांचे निर्णय एकसारखे नाहीत. परदेशगामी जहाजावरील खलाशांसाठी सीडीसी या त्यांच्या सेवापुस्तिकेतील चढल्या-उतरल्याच्या तारखा प्रमाण.

बहारीनसारख्या, पगारावर आयकर नसलेल्या बेटावर नोकरी करणारा भारतीय नागरिक 2020 च्या वित्त अधिनियमामुळे ‘मानीव निवासी’ ठरू शकतो. अट अशी की त्याचे भारतातील उत्पन्न 15 लाख रुपयांहून अधिक हवे. घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटचे भाडे त्यात धरले जाते. मात्र तो ‘सामान्यतः निवासी नसलेला’ या वर्गात मोडत असल्याने तिकडेच मिळालेल्या पगारावर येथे कर बसत नाही. अनिवासी मालकाला भाडे देणाऱ्याने रक्कम लहान असली तरी उगमस्थानी कर कापायचा असतो. पुष्कळांना हे नोटीस आल्यावर कळते.

व्यवसाय कर : राज्याचा, वर्षाला कमाल 2,500 रुपये.

मतदार नोंदणी : पत्ता बदलल्यास नमुना 8.