परिचारिकांचे वेतनमान, नागपुरातील

परिचारिकांचे वेतनमान, नागपुरातील : रुग्णपरिचर्येच्या सेवेबद्दल परिचारिकेस मिळणारे मूळ वेतन व भत्ते. हे वेतन सामान्यतः तीन गोष्टींवर अवलंबून असते : परिचारिकेचे विशेष प्रशिक्षण, तिच्या कामाचे ठिकाण आणि तिला नेमणारी संस्था. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत प्रशिक्षणाचा प्रभाव मोठा आहे. तेथे २०२३ मध्ये नोंदणीकृत परिचारिकेचे मध्यम वार्षिक वेतन सु. ८६ हजार डॉलर, तर भूल देणाऱ्या विशेषज्ञ परिचारिकेचे दोन लाख डॉलरांहून अधिक होते. नागपुरात मात्र नेमणारी संस्था निर्णायक ठरते.

याची मुळे जुनी आहेत. नागपूर १८६१ मध्ये मध्य प्रांताची राजधानी झाले. सरकारी मेयो रुग्णालय, स्त्रियांसाठीचे डफरिन (नंतरचे डागा स्मृती) रुग्णालय आणि स्कॉटिश मिशनचे म्यूर मेमोरियल रुग्णालय यांमुळे सरकार, धर्मादाय निधी व मिशन असे तीन प्रकारचे मालक एकाच शहरात आले. त्या काळी परिचारिका अविवाहित असणार व रुग्णालयाच्या आवारातच राहणार, असे गृहीत धरलेले असे. निवास, भोजन व गणवेश हा वेतनाचाच भाग समजला जाई आणि रोख रक्कम बेताची असे. सेवावृत्तीच्या गौरवाखाली अल्प वेतन झाकले गेले, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. भोर समितीच्या अहवालानुसार (१९४६) देशात ४३,००० लोकसंख्येमागे एकच परिचारिका होती. एवढी टंचाई असूनही वेतन वाढले नाही, कारण नोकरी देणाऱ्या संस्था मोजक्याच होत्या व वेतन त्याच ठरवीत.

नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ मध्ये सुरू झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाले आणि मध्य प्रदेशाच्या सेवेतील येथील कर्मचारी नव्या राज्याच्या सेवेत वर्ग झाले. केंद्राच्या पूर्वसंमतीवाचून त्यांच्या सेवाशर्तींत प्रतिकूल बदल करण्यास राज्य पुनर्रचना अधिनियमाने मनाई केली होती. वॉर्ड तोच, रुग्ण तेच. बदलला तो फक्त मालक.

पुढे या मालकांची संख्या वाढत गेली. राज्यशासन व महानगरपालिका यांच्याबरोबर रेल्वे, कोळसा खाणी, कामठीचे लष्करी रुग्णालय आणि २०१८ मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था (एम्स) यांची वेतनव्यवस्था वेगवेगळी आहे. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या रुग्णालयांतील परिचारिकांचे वेतन राष्ट्रीय कोळसा वेतन करारानुसार, म्हणजे खाणकामगारांच्या संघटित वाटाघाटींतून ठरते. लष्करी परिचर्या सेवेतील परिचारिकांना अधिकारपद असते व त्यांना वेगळे लष्करी सेवा वेतनही मिळते. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्रीय सेवेतील परिचारिकेचे प्रारंभिक मूळ वेतन ४४,९०० रु. झाले. राज्याच्या अधिपरिचारिकेसाठी ते ३५,४०० रु. ठरले. ९,५०० रुपयांच्या या फरकाखेरीज केंद्राने २०१७ मध्ये परिचर्या भत्ता दरमहा ७,२०० रु. केला. वस्तुतः दोघींची अर्हता व नोंदणी यांत मूलतः भेद नाही.

विशेषज्ञतेचे मोल याच्या तुलनेत नगण्य आहे. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता, हृद्-वक्ष, कर्करोग, नवजात शिशू, मनोविकार इ. शाखांत एक वर्षाचे पदविका अभ्यासक्रम आखले आहेत. परंतु शस्त्रक्रियागृह व अतिदक्षता विभागातील परिचारिकांसाठीचा केंद्राचा भत्ता २०१७ मध्ये ३६० वरून ५४० रु. झाला. प्रारंभिक मूळ वेतनाच्या तो तेव्हा जेमतेम १.२ टक्के होता. राज्याच्या सेवेत मनोविकृती व बालरुग्ण परिचर्येची काही स्वतंत्र पदे आहेत. तथापि सर्वसाधारण अधिपरिचारिकेने अशी पदविका घेतली, तरी तिची वेतनश्रेणी त्यामुळे बदलत नाही. शिवाय पाळीपाळीने विभाग बदलत असल्याने ते ज्ञान वापरात राहीलच, याचीही शाश्वती नसते.

स्थानानुसार पडणारा फरक मुख्यतः घरभाडे भत्त्यातून येतो. राज्याने २०१९ मध्ये लागू केलेल्या २४, १६ व ८ टक्के या दरांनी ३५,४०० रु. मूळ वेतनावर मुंबईत ८,४९६, नागपुरात ५,६६४ आणि गडचिरोलीत २,८३२ रु. होतात. दुर्गम व नक्षलग्रस्त भागातील कर्मचाऱ्यांना २००२ च्या शासन निर्णयाने वरच्या पदाची ‘एकस्तर’ वेतनश्रेणी व मूळ वेतनाच्या १५ टक्के प्रोत्साहन भत्ता देऊ केला. मात्र भत्त्यास १,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली. त्यामुळे केवळ हे दोन भत्ते पाहिले, तर गडचिरोलीच्या परिचारिकेस नागपूरपेक्षा कमीच रक्कम मिळते. एकस्तर श्रेणी ही तूट काही अंशी भरून काढते.

धंतोली व रामदासपेठ या भागांत खाजगी रुग्णालयांची दाटी असून विदर्भाबरोबरच शेजारच्या मध्य प्रदेशातूनही तेथे रुग्ण येतात. खाजगी क्षेत्रासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्देशावरून नेमलेल्या समितीने खाटांच्या संख्येनुसार वेतन सुचविले : २०० हून अधिक खाटांसाठी शासकीय वेतनाइतके, १०० हून अधिक खाटांसाठी त्याहून फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांसाठी फार तर २५ टक्के कमी आणि ५० हून कमी खाटांसाठी किमान २०,००० रु. येथेही निकष रुग्णालयाच्या आकाराचा आहे, परिचारिकेच्या कौशल्याचा नव्हे. शिवाय शिफारशींची अंमलबजावणी राज्यांवर सोपविली होती. केरळने २०१८ मध्ये अधिसूचना काढून किमान वेतन वाढविले. महाराष्ट्रातील शासकीय परिचारिकांनी जुलै २०२५ मध्ये संप केला, तेव्हा वेतनत्रुटींचे निवारण व कंत्राटी भरतीस विरोध या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या.