भावे यांच्या कळसूत्री बाहुल्या

मराठी रंगभूमीचे जनक विष्णुदास भावे (मृत्यू १९०१) यांनी घडवलेल्या, दोऱ्यांवर नाचणाऱ्या लाकडी बाहुल्या. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगवले. नाटककार म्हणून त्यांची कीर्ती एवढी मोठी, की त्यांच्यातला मूर्तिकार मागे पडला. तो अन्याय आहे.

लाकडी चेहरा एकदाच कोरला जातो. त्यावरचा भाव नंतर बदलत नाही. म्हणून भुवई, पापणी आणि ओठ कोरताना कारागीर संयम राखतो. हसू किंवा क्रोध ठळक कोरला, तर बाहुली एकाच प्रसंगापुरती उरते. चेहरा शांत ठेवला, तर मान झुकताच तीच सीता लाजते आणि मान ताठ होताच ठाम दिसते. उरलेली कथा खांदा, मनगट यांचे सांधे आणि दोरीचा ताण सांगतात. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर कलावंतही रामायण-महाभारताच्या कथा अशाच बाहुल्यांतून उभ्या करतात.

भाव्यांच्या शतकाहून जुन्या बाहुल्यांचे बाहुलीकार रामदास पाध्ये यांनी पुनरुज्जीवन करून त्यांचे प्रयोग केले. केवळ काचेच्या कपाटात राहिल्या असत्या, तर त्यांचे निम्मे शिल्प अदृश्यच राहिले असते.