एमपीथ्रीचा फोन, फोनचा एमपीथ्री

‘चायना मोबाइल’ आठवतोय? २००७ ते २०१० च्या सुमारास अंधेरी-बोरिवलीहून किंवा घाटकोपर-मुलुंडहून लोकलने ये-जा केली असेल, तर नक्की आठवत असेल. गर्दीत कुणीतरी खिशातून एक जाडजूड फोन काढायचा आणि गाणं लावायचा. आवाज असा, की डब्यातल्या भजनी मंडळाचे टाळही फिके पडावेत. दोन सिम, एफएम, कॅमेरा, मेमरी कार्ड, काहींना तर टीव्हीची ओढून लांब करायची अँटेनासुद्धा! मराठी पेपरवाले मोबाइलला ‘भ्रमणध्वनी’ म्हणायचे. फिरता आवाज. तो शब्द कुठल्या फोनला खरोखर शोभला असेल तर याच. :)

तेव्हा आपण हसायचो, “अरे, हा फोन आहे की रेडिओ?” गंमत म्हणजे प्रश्न अगदी बरोबर होता. तो मुळात गाणी-व्हिडिओ वाजवणारा डबा होता, ज्याला फोन जोडला होता. उलटं नाही. आणि हा क्रम उलटा झाला म्हणूनच तो स्वस्त झाला. या वीकेंडला त्याचीच गोष्ट.

गोष्ट सुरू होते तैवानमध्ये. १९९७ साली शिंचू गावात, यूएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीतून फुटून मीडियाटेक नावाची कंपनी निघाली. अध्यक्ष त्साई मिंग-काई. सुरुवातीचा धंदा सीडी-रॉम ड्राइव्हच्या चिप्सचा, मग डीव्हीडी प्लेयरच्या. त्यांचं कौशल्य एकच होतं : चार चिप्सचं काम एका चिपमध्ये कोंबायचं आणि किंमत पाडायची. डीव्हीडीचा बाजार भरत आल्यावर त्यांनी मोर्चा मोबाइलकडे वळवला.

आता जरा इंजिनियरच्या नजरेने बघा. गाणी वाजवणाऱ्या यंत्रात काय काय असतं? प्रोसेसर, मेमरी, पडदा, बटणं, बॅटरी, आवाजाचा अँप्लिफायर. त्याचा फोन करायला काय लागतं? माईक, सिमचा खण, ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झवर बोलणारा रेडिओ, आणि टॉवरशी जीएसएमच्या भाषेत संवाद साधणारा ‘बेसबँड’ भाग. म्हणजे निम्मंअधिक सामान आधीच हजर आहे. बाकी राहतं ते मात्र सगळ्यात कटकटीचं, कारण जीएसएमचे नियम म्हणजे हजारो पानांचा ग्रंथ.

नोकिया, मोटोरोला ही मंडळी फोनकडून निघाली होती. आधी फोन, मग जास्त पैसे दिलेत तर कॅमेरा, आणखी दिलेत तर गाणी. मीडियाटेकने बेसबँड आणि मल्टिमीडिया एकाच चिपवर बसवले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चिपबरोबर सर्किट बोर्डचा आराखडा, सॉफ्टवेअर, मेनू, सगळं तयार करून दिलं. इन्स्टंट भेळच म्हणा ना! शेन्झेनमधल्या छोट्या कारखान्याने फक्त प्लास्टिकचं कवच, बटणं आणि स्पीकर ठरवायचे. म्हणूनच वेगवेगळ्या नावांच्या फोनमधले मेनू डिट्टो सारखे असायचे. २००७ मध्ये चीनने मोबाइल बनवण्यासाठी लागणारा परवाना रद्द केला आणि या कारखान्यांना ऊत आला. चिनी भाषेत या मालाला ‘शानझाय’ म्हणतात. मूळ अर्थ डोंगरातला गड, बंडखोर-दरोडेखोरांचा अड्डा.

ही कल्पना फक्त स्वस्त बाजारात चालली होती असं नाही हं. २००५ मध्ये मोटोरोलाने अॅपलबरोबर ‘रॉकर’ फोन काढला, त्यात फक्त १०० गाणी ठेवता यायची. फोनला आयपॉड चिकटवून जमलं नाही, तेव्हा अॅपलने जानेवारी २००७ मध्ये स्वतःचा आयफोन दाखवला. झुहाय शहरातली मेइझू ही एमपीथ्री प्लेयरची कंपनी २००९ मध्ये एम८ फोन घेऊन आली. २०१० मध्ये तर चीनमध्ये ‘अॅपल पील ५२०’ नावाचं एक कव्हर निघालं : आत सिमचा खण आणि जादा बॅटरी, आयपॉड टच त्यात सरकवला की झाला फोन! कल्पना एकच, किमती वेगळ्या. ऑगस्ट २००८ मध्ये भारतात आयफोन ३जी आला तो ३१,००० रुपयांना. अंधेरी स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या रिक्षावाल्यासाठी तो आलाच नव्हता.

त्याच्यासाठी आला तो चायना मोबाइल.

१ मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं होतं, कॉलचे दर पडत होते. फोन परवडू लागला होता, पण पैसे एकदाच खर्च करता येणार होते. घरी कॉम्प्युटर नाही, वॉकमन नाही, कॅमेरा नाही. अशा माणसाला एकाच वस्तूत सगळं मिळत असेल तर तो काय घेईल? सोसायटीचा वॉचमन, दुकानातला पोऱ्या, गावाहून आलेला सुतार, यांच्या हातात आलेला हा पहिला कॅमेरा होता आणि स्वतःची पहिली गाण्याची पेटी. दोन सिमही चैन म्हणून नव्हती. एक नंबर गावच्या लोकांना पाठ असलेला, दुसरा जिथे स्वस्त स्कीम असेल तो. नोकियाने दोन सिमचा पहिला फोन जाहीर केला जून २०१० मध्ये! ज्यांना आपण हसत होतो त्यांना आपली गरज जगातल्या सगळ्यात मोठ्या मोबाइल कंपनीच्या आधी कळली होती.

याच्या जोडीने उपनगरात एक नवा धंदा उभा राहिला. स्टेशनबाहेरच्या रिचार्जच्या टपरीत एक जुना कॉम्प्युटर, कार्ड रीडर आणि पाटी : ‘गाणी भरून मिळतील’. कार्ड द्यायचं, हिंदी-मराठी-भोजपुरी सांगायचं, दहा-वीस रुपये द्यायचे, चहा पिऊन यायचं. कायद्याने चूक होतं, कलाकाराला एक पैसा मिळत नव्हता, हेही खरंच. पण ब्रॉडबँड नसलेल्या घरांचं इंटरनेट ते हेच.

आता गोष्टीतली मेख.

कुठल्याही मोबाइलवर *#०६# दाबा. १५ आकडे दिसतील. हा आयएमईआय, म्हणजे फोनचा जन्मदाखला. पहिले ८ आकडे मॉडेलचे, पुढचे ६ त्या एका फोनचे, शेवटचा एक पडताळणीचा. हे नंबर रीतसर घ्यावे लागतात, त्याआधी फोनच्या चाचण्या कराव्या लागतात, आणि त्याला पैसे पडतात. शानझाय कारखान्यांनी तो खर्च वाचवला. या फोनमध्ये आयएमईआय फ्लॅश मेमरीत लिहिलेला असायचा. एका फोनची प्रत हजार फोनवर उतरवली की हजारांचा नंबर एकच. काहींचा तर नुसतेच १५ शून्य. आपल्या भाषेत सांगायचं तर कॉन्फिग फाइल न बदलता केलेलं कॉपी-पेस्ट!

२६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला याच शहराने सोसला. त्यानंतर ज्याचा माग काढता येत नाही असा फोन ही गंमत उरली नाही. बिननंबरी फोन बंद करा, असं दूरसंचार खात्याने मोबाइल कंपन्यांना त्याआधीच सांगितलं होतं. मुदत वाढत वाढत शेवटी ठरली ३० नोव्हेंबर २००९. अधेमधे साधारण दोनशे रुपयांत खरा आयएमईआय घालून द्यायची केंद्रंही निघाली. पण स्टेशनबाहेर बिल न घेता फोन घेतलेल्या किती जणांना हे १५ आकड्यांचं प्रकरण ठाऊक होतं?

मुदत संपली, आणि देशभर असे फोन नेटवर्कवरून उतरवायला सुरुवात झाली. पण ते मेले नाहीत! पडदा लागत होता, गाणी वाजत होती, कॅमेरा चालू होता. फक्त फोन लागत नव्हता. तैवानमध्ये जे एमपीथ्रीपासून फोनपर्यंत आलं होतं, ते एका सरकारी आदेशाने परत एमपीथ्री होऊन बसलं.

मला या सगळ्या इतिहासात हा क्षण सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण त्या दिवशी समीकरण उघडं पडलं : फोन म्हणजे गाणी वाजवणारं यंत्र अधिक परवानगी. यंत्र तुमचं, परवानगी दुसऱ्याची. मीडियाटेकने यंत्र कमालीचं स्वस्त केलं, पण परवानगी स्वस्त करणं त्यांच्या हातात नव्हतं. सुरक्षेचं कारण खोटं नव्हतं, आणि ज्याचा दोन हजारांचा फोन मुका झाला त्या माणसाचाही काही गुन्हा नव्हता. चूक कारखान्याची, फायदा दुकानदाराचा, नुकसान त्याचं.

पुढे मायक्रोमॅक्स, कार्बन, मुंबईचीच मॅक्स मोबाइल अशा देशी नावांनी हीच पाककृती रीतसर आयएमईआय घालून विकली. जुलै २०१७ मध्ये मुंबईत जिओफोन जाहीर झाला : १,५०० रुपये परत मिळणारं डिपॉझिट, आत गाणी-सिनेमे, आणि चालणार फक्त जिओवर. इथे परवानगीच फोनला वेल्ड करून दिली.

एक चांगली बाजूही आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये हरवलेला फोन आयएमईआयवरून बंद करून घ्यायची सोय प्रायोगिक तत्त्वावर आधी महाराष्ट्रात सुरू झाली, आणि मे २०२३ मध्ये देशभर. लोकलमध्ये फोन मारला गेला तर आता तेच १५ आकडे तुमच्या कामाला येतात. २००९ मध्ये जे बटण फक्त वरून दाबलं गेलं, ते दाबायला निदान अर्ज तरी करता येतो.

पण बटण आहेच. तुमच्या खिशातल्या पन्नास हजारांच्या फोनलाही आहे. दिवसभरात त्यावरून कॉल किती करता आणि गाणी-व्हिडिओ किती बघता, जरा मोजा. आपणही शेवटी फोन जोडलेला एमपीथ्रीच घेऊन फिरतोय, फक्त हेडफोन लावून.

असो. वेळ मिळाला की *#०६# दाबून ते १५ आकडे कुठेतरी लिहून ठेवा. फोनमध्ये नाही हं, कागदावर.