न्यूर्नबर्गच्या नाताळबाजाराचा काळनिर्णय

जर्मनींतील न्यूर्नबर्ग शहराच्या मुख्य चौकांत नाताळापूर्वीं भरणारा बाळख्रिस्ताचा बाजार प्रसिद्ध आहे. त्याच्या प्राचीनत्वाविषयीं येथें थोडा विचार करूं. ड्रेस्डेनच्या नाताळबाजारास इलेक्टर दुसरा फ्रीड्रिख याची १४३४ सालची सनद आहे. न्यूर्नबर्गास तसा आधार नाहीं. तेथील सर्वांत जुना पुरावा म्हणजे फुलें चितारलेली एक लहान लाकडी डबी होय. ती तेथील जर्मन राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयांत आहे. एका कुमारिकेनें ती दुसरीस ‘बाळाच्या बाजारा’निमित्त पाठविल्याची नोंद तिच्या तळावर असून, पुढें १६२८ साल घातलें आहे.

यावरून १६२८ हेंच बाजाराच्या स्थापनेचें वर्ष समजणें चूक होय. बाजाराचें नांव लिहितांना खुलासा करण्याची गरज लिहिणारीस वाटली नाहीं. अर्थात् तो तेव्हां सर्वपरिचित होता. म्हणून आरंभ त्यापूर्वींचा मानणें आम्हांस सयुक्तिक दिसतें.

ता. २ जानेवारी १९४५ च्या बाँबवर्षावांत जुनें शहर बहुतेक उद्ध्वस्त झालें. १९४८ सालीं बाजार पुन्हा भरला. थोर इमारती कोसळल्या, पण ही क्षुद्र डबी साक्ष देण्यास उरली आहे. संग्राहकांनीं कागदांबरोबर अशा वस्तूंचे तळही तपासावेत, इतकीच आमची विनंती.