घरातल्या माशांच्या टाकीला 'संप फिल्टर' : लाईट गेली तरी पाणी फरशीवर येणार नाही, असा बसवा

सातारा-सांगलीकडं आता गावोगावी घरात माशांची काचेची टाकी दिसते. गप्पी, मोली, गोल्डफिशपासून सुरुवात होते, मग टाकी मोठी होते आणि आतला छोटा फिल्टर पुरा पडत नाही. पाणी गढूळ होतं, वास येतो, मासे वर येऊन तोंड उघडायला लागतात. यावर खात्रीचा उपाय म्हणजे संप फिल्टर. हा संप कामगारांचा नव्हे! मोठ्या टाकीखाली ठेवलेली दुसरी छोटी टाकी म्हणजे संप.

काम कसं चालतं?

वरच्या टाकीत ठरावीक पातळीच्या वर आलेलं पाणी पाईपातून आपोआप खाली उतरतं. संपमधल्या कप्प्यांतून गाळून ते शेवटच्या कप्प्यात येतं. तिथला पंप ते पुन्हा वर चढवतो. म्हणजे पाणी खाली येतं ते उतारानं, वर जातं ते पंपानं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं.

माप किती धरायचं?

उदाहरणाला 3 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी घ्या. काठोकाठ भरली तर सुमारे 190 लिटर पाणी बसतं. भरायची मात्र साडेसोळा इंचांपर्यंत, म्हणजे 175 लिटर. पाणी आणि काच धरून वजन दोनशे किलोच्या आसपास जातं, म्हणून स्टँड लोखंडी अँगलचाच हवा आणि टाकीखाली थर्माकोलची शीट हवी.

संप 24 इंच लांब, 12 इंच रुंद, 15 इंच उंच चालेल. त्यात तीन कप्पे करा :

1) पहिला कप्पा : स्पंज किंवा फिल्टरचा कापूस. इथं विष्ठा, उरलेलं खाद्य अडकतं. दर आठवड्याला धुवायचा.

2) मधला कप्पा : सिरॅमिक रिंग किंवा बायोबॉल. इथं उपयोगी जिवाणू राहतात. खरा फिल्टर हाच.

3) शेवटचा कप्पा : पंप. हा लहान ठेवा. कारण पुढे येतंच.

पंप तासाला टाकीच्या चार-पाच पट पाणी फिरवणारा हवा, म्हणजे इथं 800 ते 1000 लिटर. पण खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. चार फूट वर चढवताना तो बराच कमी होतो. म्हणून 1500 ते 2000 लिटरचा पंप घ्या. 25 वॅटचा पंप दिवसरात्र चालला तर महिन्याला साधारण 18 युनिट वीज लागते.

उतरत्या पाईपासाठी काचेला भोक काचवाल्याकडूनच पाडून घ्या. टफन काचेला भोक पाडता येत नाही, ती फुटते. भोकात टँक निपल बसवून एक इंची पीव्हीसी पाईप जोडा. तोंडाला जाळी लावा, नाहीतर पिल्लं खाली जातात. शक्य असेल तर थोडा वर दुसरा जादा पाईपही ठेवा.

लाईट गेल्यावर काय होतं?

नेमकं इथंच फसतं. रात्री लाईट जाते, पंप बंद पडतो आणि वरचं पाणी खाली येत राहतं. वर चढणाऱ्या पाईपाचं तोंड पाण्यात खोल असेल तर तो उलटं पाणी ओढतो. सकाळी संप भरून फरशीवर पाणी आणि वरची टाकी निम्मी रिकामी!

उपाय : या पाईपाचं तोंड पाण्याच्या पातळीलगत ठेवा, किंवा पातळीच्या अर्धा इंच खाली त्याला बारीक भोक पाडा. पातळी भोकाखाली गेली की हवा शिरते आणि ओढ तुटते. भोकात शेवाळ साचतं, ते महिन्याला साफ करा.

हिशोब असा : वरच्या टाकीची पातळी एक इंच उतरली की 10 लिटरपेक्षा थोडं जास्त पाणी खाली येतं. दोन इंच उतरली तर 21 लिटर. तेवढ्यानं या संपची पातळी साडेचार इंच चढते. म्हणून पंप चालू असताना संपमधलं पाणी 9 इंचांच्या वर ठेवू नका.

उलटंही होऊ शकतं. उतरता पाईप तुंबला तर पंप आपला कप्पा उपसून वर टाकतो. तो कप्पा लहान, म्हणजे आठ-दहा लिटरचा असेल, तर वरची टाकी एखादाच इंच चढते, सांडत नाही.

मासे सोडण्याआधी मुद्दाम तीन-चार वेळा पंप बंद करून बघा.

करंटची काळजी

पंपाची वायर आधी खाली झुकवून मग वर बोर्डाकडं न्या, म्हणजे थेंब वायरीवरून प्लगमध्ये जात नाहीत. बोर्ड संपच्या वर, बाजूला हवा. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढा. घरात लहान मुलं असतात, हे विसरू नका.

पाणी आणि जिवाणू

ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर असते. त्यातल्या क्लोरीननं मासेही मरतात, जिवाणूही. पाणी 24 तास उघडं ठेवून हवा सोडा, किंवा अँटिक्लोरीन घाला. मधल्या कप्प्यातल्या रिंगा नळाखाली कधीच धुऊ नका. टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळा.

नव्या फिल्टरमध्ये जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर दोन-चारच मासे ठेवा. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य आल्यावरच बाकीचे आणा.

जत, आटपाडी, माणकडं बोअरचं पाणी जड असेल तर गप्पी, मोली चांगले तगतात. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला. काढलेलं पाणी परसातल्या कढीपत्त्याला, फुलझाडांना घाला, खतच आहे.

लाईट तासन्‌तास गेली तर रिंगांमधल्या जिवाणूंना हवा मिळत नाही, ते मरून पाणी सडतं. बॅटरीवरचा एअरपंप जवळ ठेवा, त्याची नळी मधल्या कप्प्यातही सोडा. मासे मात्र कमी खाद्यावर एक-दोन दिवस आरामात राहतात.

शेवटचं, पण महत्त्वाचं

कंटाळा आला म्हणून मासे ओढ्यात, विहिरीत किंवा कृष्णा, कोयना, येरळेत सोडू नका. टाकीतला सकर मासा उजनीच्या जलाशयात पसरलाय आणि तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यांना त्याचा त्रास होतोय. नको असलेले मासे दुकानदाराला परत द्या, नाहीतर दुसऱ्या हौशी माणसाला द्या.